छोटे रोल घेत राहू की मोठ्यासाठी थांबू? २० वर्षं छोटीच कामं केलेल्या नटीचं उत्तर

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, तेव्हाच लिहायला घेतलं होतं पण दोन ओळींत मावेना, म्हणून आज शूट नाहीये तर सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही २९ वर्षांचे, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्सला आहात, कॉलेजपासून एकांकिका केल्यात, राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं काम केलंय. गेल्या वर्षी एका मालिकेत चार दिवस वकिलाचं काम केलंत, मग एका सिनेमात दोन सीन मिळाले, घरच्या सगळ्यांना घेऊन थिएटरला गेलात आणि एक सीन पूर्ण कापलेला, दुसऱ्यात तुमची फक्त पाठ. आता एका कोऑर्डिनेटरने (म्हणजे कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने) डेली मालिकेत चाळीतल्या दुकानदाराचा रोल सांगितलाय, ‘कंटिन्यू होईल’ म्हणतोय. मित्र म्हणतो छोटे रोल घेतलेस की शिक्का बसतो, मोठं काही येईपर्यंत थांब. तर रोल घ्यायचा का, आणि त्यासाठी नोकरी सोडून मुंबईला यायचं का, असं विचारलंय तुम्ही.

मी २००३ पासून हेच काम करतेय. नर्स, मुख्याध्यापिका, हिरोची मावशी, सोसायटीतली शेजारीण, दोनदा जज, हिंदीत असंख्य वेळा ‘मराठी बाई’. नावाने मला कोणी ओळखत नाही, पण चेहरा बघितला की लोक थांबतात आणि कुठेतरी बघितलंय तुम्हाला असं म्हणतात. या कामाने माझ्या घराला बरंच दिलंय, पण नवऱ्याचा पगार दर महिन्याला येत होता हेही सांगते, कारण ते लपवून सल्ला दिला तर तो तुमच्या काही कामाचा नाही.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. शिक्का बसतो का, ही एक. यावर घर चालतं का, ही दुसरी, आणि तिचा पहिलीशी काहीही संबंध नाही. तिसरी तुम्ही विचारलेली नाही पण प्रश्नभर दिसतेय, ती म्हणजे त्या थिएटरमधला दिवस. आईने शेजारच्या काकूंनाही बोलावलं होतं असं लिहिलंय तुम्ही, ते वाचून मला खूप आतून कळलं. त्यावर शेवटी लिहिते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात हे आधीच मान्य करते. वय, चेहऱ्याची ठेवण, हिंदी किती स्वच्छ बोलता, घरात अजून कोणी कमावतं का, कर्जाचा हप्ता आहे का, यातलं एक बदललं तरी उत्तर बदलतं. वयाचंच बघा, नायक व्हायचं असेल तर २९ म्हणजे घाई करायला हवी, पण कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणून तुमचं खरं काम अजून सुरूच व्हायचंय. ए. के. हंगल यांचा जन्म १९१४ चा आणि सिनेमात ते आले १९६६ च्या सुमाराला, म्हणजे पन्नाशी ओलांडून, आणि पुढे कित्येक वर्षं पडद्यावर घरातलं वडीलधारं माणूस म्हटलं की तेच. बोमन इराणींची हिंदी सिनेमातली ओळखही चाळिशी उलटल्यावरची आहे. बाप, काका, वकील, इन्स्पेक्टर, डॉक्टर, साहेब हे रोल पस्तिशीनंतर वाढतात, कमी होत नाहीत. बायकांचं मात्र तसं नाही, तिशी-पस्तिशीत एक मोठी दरी येते, नायिकेची बहीण म्हणून जुनी आणि आई म्हणून लहान, माझी तीन-चार वर्षं त्या दरीत गेली, पण तो वेगळा विषय आहे.

आता शिक्क्याचं. छोटा रोल हा एकच प्रकार समजून सगळे बोलतात आणि तिथेच घोळ होतो. गर्दीत उभं राहणं, मागून पासिंग देणं म्हणजे नुसतं चालत जाणं, हे ज्युनिअर आर्टिस्टचं काम, त्यांची युनियन वेगळी, पैशांची पद्धत वेगळी, आणि ते मेहनतीचं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण ज्याला बोलके रोल हवेत त्याने ते घेताना विचार करावा, कारण एकदा तुम्ही त्या मालिकेच्या लग्नाच्या मंडपात वऱ्हाडी म्हणून दिसलात की त्याच मालिकेत इन्स्पेक्टर म्हणून तुम्हाला कसं आणणार, प्रेक्षक लगेच पकडतात. मग एक-दोन दिवसांचे रोल, तुमच्या वकिलासारखे. मग मालिकेत येऊनजाऊन असणारा, दुकानदार, शेजारी, ऑफिसमधला सहकारी. आणि मग सिनेमातला तो रोल जो दोनच सीनचा असतो पण गोष्ट तिथे वळते. या चारही कामांना बाहेरचे लोक ‘छोटा रोल’च म्हणतात.

शिक्का बसतो हे खरं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण तो लांबीचा कमी बसतो, प्रकाराचा जास्त बसतो. जगदीश राज यांनी १४४ सिनेमांत पोलिसाचं काम केलं, गिनेस बुकात त्याची नोंद आहे. मित्राच्या भाषेत तो शिक्का, पण दिग्दर्शकाच्या बाजूने विचार करून बघा, उद्या सकाळी पोलिस स्टेशनचा सीन आहे, ज्याला टोपी कशी घालायची, सॅल्यूट कसा मारायचा, टेबलामागे कसं बसायचं हे सांगावं लागत नाही असा माणूस हवा, फोन त्यालाच जाणार. मला नर्सचं काम सातव्यांदा आलं तेव्हा माझंही मन खट्टू झालं होतं, पण त्या सातव्या सेटवर मी सलाईनची नळी हातात धरली ती बघून कॅमेरामनने असिस्टंटला सांगितलं यांना काही शिकवू नका, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मला डॉक्टरचं काम आलं. प्रकार बदलायचा असेल तर बाहेर नाटक करत राहा, तिथे वेगळं काही करताना लोकांना दिसा. घरी बसून शिक्का पुसला जात नाही. थांबलेल्या नटाला काही मोठं येत नाही, त्याचा फक्त नंबर जुना होतो, हे मी चांगल्या चांगल्या मित्रांचं होताना बघितलंय आणि अजून वाईट वाटतं.

तर रोल घ्यायचा की नाही हे मी कसं ठरवते ते सांगते, कारण खरी गोष्ट इथे आहे. मी सीन किती हे विचारत नाही, मी सीन मागते. सीन वाचायचा आणि आपलं पात्र त्यातून काढून टाकून परत वाचायचा. गोष्ट तशीच पुढे जात असेल तर तुम्ही तिथे सजावट आहात आणि एडिटला वेळ कमी पडला की सजावट आधी जाते. पण तुम्ही काढल्यावर सीन कोसळत असेल, म्हणजे तुम्ही आणलेली बातमी, तुम्ही दिलेला नकार, तुम्ही बंद केलेलं दार यामुळे मुख्य माणसाला काहीतरी वेगळं करावं लागत असेल, तर तो रोल एका वाक्याचा असला तरी घ्या. १९७५ च्या शोलेमधले आपले विजू खोटे आठवा. कालियाचं काम काही मिनिटांचं, पण गब्बर आपल्या माणसांशीही कसा वागतो हे त्याच्यामुळे कळतं, तो प्रसंग काढला तर गब्बरची भीतीच अर्धी होईल. मॅक मोहन यांच्या सांबाला तर मोजून एखाद-दोन वाक्यं, पण प्रश्न गब्बरचा आणि उत्तर त्याचं, ते उत्तर नसेल तर गब्बरचं बोलणं लटकून राहतं. लोकांनी ती नावं पन्नास वर्षं लक्षात ठेवली यात नशीबही आहे, ते कुणाला ठरवून मिळवता येत नाही, पण एडिटमध्ये टिकणारी जागा कुठली हे मात्र कागदावर वाचून कळू शकतं.

माझी स्वतःची दोन उदाहरणं देते. एका सिनेमात मी मुख्याध्यापिका होते, चार सीन, छान भाषण, दिवसभर शूट झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमात त्यातलं काहीही नाही. आता वाचते तेव्हा कळतं की त्या भाषणानंतर मुलगा जे करतो ते तो आधीच्या सीनमध्ये ठरवूनच आलेला होता, माझी गरजच नव्हती. दुसऱ्या एका सिनेमात मी सरकारी ऑफिसातली क्लार्क, अर्ध्या दिवसाचं काम, म्हाताऱ्याचा अर्ज बघायचा आणि एक सही कमी आहे म्हणून परत करायचा. त्या परत केलेल्या अर्जामुळे पुढची सगळी पळापळ. तो सीन पूर्ण राहिला, क्लोजसकट, म्हणजे जवळून घेतलेल्या चेहऱ्यासकट, आणि पुढची तीन कामं मला त्या अर्ध्या दिवसामुळे आली. तुमचा कापलेला सीन आठवून हेच करून बघा. मला वाटतं उत्तर मिळेल, आणि ते तुमच्या अभिनयाबद्दल नसेल.

सीन टिकायला सेटवर आपल्या हातातही थोडं असतं. कप उजव्या हातात धरून वाक्य सुरू केलंत तर मास्टरमध्येही (म्हणजे सगळा सीन एकत्र दाखवणाऱ्या शॉटमध्ये) उजव्या आणि क्लोजमध्येही उजव्याच, आणि घोट कुठल्या शब्दावर घेतला तेही तेच, नाहीतर एडिटरला तुमचा चांगला टेक जोडताच येत नाही आणि तो समोरच्याच्या चेहऱ्यावर तुमचं वाक्य चालवतो. पाठ का दिसली याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू केलं की आवाज एकमेकांवर चढतो, सिंक साउंडमध्ये, म्हणजे शूटच्या वेळीच आवाज रेकॉर्ड होतो तिथे, तो टेक वाया. नाटकातून आलेल्यांची अजून एक सवय असते, प्रेक्षकांकडे तोंड राहावं म्हणून समोरच्यापासून थोडं वळून बोलायचं, कॅमेऱ्याला ते खोटं दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्याचा क्लोज लागला की कॅमेऱ्यामागे उभं राहून त्याला पूर्ण जीव ओतून क्यू द्या, म्हणजे आपली वाक्यं बोला. बरेचजण तेव्हा मोबाईल काढतात आणि असिस्टंट कोरडेपणाने वाक्यं वाचतो. मी २० वर्षांत एकदाही असं सोडून गेले नाहीये. एका मोठ्या अभिनेत्रीने एकदा माझा हात धरून म्हटलं होतं की तुम्ही होतात म्हणून मला रडता आलं. पुढच्या सिनेमात माझं नाव तिने सुचवलं.

मालिकेत अजून वेगळं, सीन सकाळी हातात येतो, कधी मेकअप चालू असताना येतो, प्रॉम्प्टिंग असतं पण प्रॉम्प्टिंगच्या भरवशावर राहिलात तर डोळे रिकामे दिसतात. रोज साधारण एका एपिसोडचं फुटेज काढायचं असतं, म्हणजे वीसेक मिनिटांचं, तिथे छोट्या पात्राच्या पाच रिटेकला कुणाकडे वेळ नसतो. पहिल्या-दुसऱ्या टेकला ओके देणारा माणूस त्यांना हवा असतो. ते कौशल्य आहे आणि ते मालिकेतच येतं, म्हणून तुमच्या मित्राला सांगा की दुकानदाराचे २० दिवस हे २० दिवसांचं शिक्षण आहे आणि वर पैसे देऊन आहे.

कारण आपल्यासारख्यांचं करिअर दुसऱ्या फोनवर चालतं. पहिला फोन कुणालाही येतो, ऑडिशन बरी झाली, चेहरा बसला. दुसरा फोन त्याच युनिटमधून येतोय का हे बघत जा, बाकी कुठल्याच गोष्टीवरून तुम्हाला तुमची प्रगती कळणार नाही. आणि तो फोन दिग्दर्शकाकडून फार क्वचित येतो हो, तो येतो असिस्टंटकडून, कॉस्च्युमवाल्या मुलीकडून, प्रॉडक्शनच्या माणसाकडून. माझा सगळ्यात लांब चाललेला रोल, जवळजवळ दोन वर्षं, मला एका मुलाने दिला जो पूर्वी एका सेटवर क्लॅप द्यायचा, ऊन खूप होतं म्हणून मी त्याला माझी छत्री दिली होती, पाच वर्षांनी तो एपिसोड डिरेक्टर झाला तेव्हा त्याने आठवण ठेवली. छत्री मी मला रोल मिळावा म्हणून दिली नव्हती, ऊन होतं म्हणून दिली होती.

आता पैसे. इथे मी कडक बोलणार आहे. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात, ही इथली जुनी रीत आहे, त्यावर संघटना भांडत आल्यात, कुठे लवकरही मिळतात, पण तुम्ही ९० धरूनच हिशोब करा. तुम्ही अकाउंट्सचे आहात म्हणून हिशोबानेच सांगते. समजा दिवसाचे ३००० ठरले आणि महिन्यात ८ दिवस लागले, झाले २४०००. त्यातून १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) गेला, राहिले २१६००, कोऑर्डिनेटरचं कमिशन ठरलं असेल तर तेही त्यातून. हे जूनमधल्या कामाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरला. मधल्या महिन्यांत मुंबईचं भाडं, डिपॉझिट, प्रवास, फोन, आणि कपडे, कारण छोट्या रोलना बऱ्याचदा स्वतःचेच कपडे आणा म्हणतात. टीडीएस मात्र बुडीत समजू नका, रिटर्न भरलं आणि कर तेवढा बसत नसेल तर परत मिळतो, किती नट-नट्या वर्षानुवर्षं रिटर्नच भरत नाहीत आणि स्वतःचे पैसे सोडून देतात, तुम्ही तरी तसं करणार नाही अशी आशा आहे.

‘कंटिन्यू होईल’ या शब्दावर तर काहीच उभं करू नका. कोऑर्डिनेटर खोटं बोलतोय असं नाही, त्यालाही माहीत नसतं. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात आणि त्यावर ट्रॅक बदलतात, चाळीची गोष्ट चालली नाही तर कुटुंब बंगल्यात राहायला जातं आणि चाळीसकट दुकानदार संपतो. माझा एक रोल असा संपला की मला कुणी कळवलंही नाही, मी पुढच्या तारखांची वाट बघत दुसरं काम नाकारलं होतं, आणि एके दिवशी टीव्हीवर बघितलं तर माझं पात्र गावी गेल्याचं एका वाक्यात सांगून टाकलेलं. तेव्हापासून मी महिन्याला कमीत कमी किती दिवस हे लिहून मागते. मिळतंच असं नाही, नवीन माणसाला तर बहुतेक वेळा मिळत नाही, पण विचारल्यावर समोरचा काय बोलतो त्यावरून रोलचा अंदाज येतो.

कागदावर अजून काय बघायचं तर शिफ्ट किती तासांची (मालिकेत साधारण १२ तास चालते), जास्त थांबवलं तर काय, कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) वेगळा की त्यातच, आणि दुसऱ्या चॅनलवर काम करायला बंदी आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं. महिन्यात सहा दिवस बोलावणार आणि उरलेल्या २४ दिवसांत दुसरीकडे काम करू नका म्हणणार असतील तर तो रोल तुम्हाला परवडणारा नाही, स्पष्ट सांगा की बाकी दिवस मी मोकळा असेन. जाहिरात केलीत तर ती किती काळ आणि कुठे कुठे चालणार हे बघा, त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं काम तेवढा काळ हातचं जातं. रोज निघताना इन-टाइम आउट-टाइमच्या शीटचा फोटो काढून ठेवा. सिन्टा, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, १९५८ पासूनची संघटना आहे, पैसे अडकले तर तिथे तक्रार करता येते, पण तिथेही पहिला प्रश्न कागद आहे का हाच असतो.

आणि काम मिळवण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ, कॉस्च्युम डिपॉझिट, कुठलंही नाव असो. कोऑर्डिनेटरचं कमिशन हे काम होऊन पैसे आल्यावर. आधी मागतोय तो कोऑर्डिनेटर नाही.

नावाच्या श्रेयाबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहिती आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली बदल झाले, त्यात सिनेमात काम करणाऱ्या कलाकारांचे हक्क आले, पण त्यातच असंही म्हटलंय की ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि इंडस्ट्रीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच, श्रेयनामावलीतही, दिलं जात नाही, त्याला कायद्याच्या दृष्टीने ‘परफॉर्मर’ धरायचं नाही, अपवाद एवढाच की आपल्या कामाची मोडतोड करून अब्रू घालवली तर तक्रार करायचा हक्क राहतो. म्हणजे शेवटी धावत जाणाऱ्या त्या पाट्यांमधलं नाव हे नुसतं मिरवायला नसतं. मी वकील नाही, कुठल्या रोलला हे कसं लागू होईल ते सांगू शकत नाही, पण बोलका रोल असेल तर नाव येणार ना हे शूटच्या आधी मेसेजवर विचारून ठेवते आणि स्पेलिंग स्वतः लिहून पाठवते. पुढच्या कामासाठीही त्याचा उपयोग होतो, कास्टिंगवाले आयएमडीबीवर, म्हणजे कोणी कशात काम केलंय त्याची नोंद असलेल्या वेबसाइटवर, बघतात.

तसंच आपलं फुटेज आपणच सांभाळायचं. एपिसोड आला की त्याच आठवड्यात आपले सीन काढून ठेवा, नंतर कुणी देत नाही. दीड मिनिटाचा रील पुरतो, सुरुवातीला तुमचा चेहरा आणि आवाज, संगीत-बिंगीत नको. ऑडिशनचं विचाराल तर आता बरंचसं सेल्फ टेपवर, म्हणजे घरीच मोबाईलवर शूट करून, होतं, नाशिकहून पाठवता येतं. वर्सोव्याला आराम नगरमध्ये कास्टिंगच्या ऑफिसांत दारोदार फिरून ‘नॉट फिट’ ऐकण्याचे दिवस मी काढलेत, त्यातून कातडी जाड होते हे खरं, पण फक्त तेवढ्यासाठी मुंबईत घर घेऊन राहायची आता गरज उरलेली नाही. साधी भिंत, खिडकीसमोरचा उजेड, मोबाईल आडवा, वाक्यं पाठ, आणि समोर क्यू द्यायला कुणीतरी माणूस. तुमच्या एकांकिकेच्या ग्रुपमधला एखादा बसवा.

थिएटरच्या त्या दिवसाबद्दल. हे तुमच्या एकट्याचं झालेलं नाही, आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं झालंय आणि कापताना कुणाच्या मनात तुमच्याबद्दल काही नसतं, बऱ्याचदा एडिटरला तुमचं नावही माहीत नसतं. मी आता घरी आधी सांगतच नाही. सिनेमा एकटीने जाऊन बघते, काम राहिलेलं असेल तर मग सगळ्यांना नेते. जिथे डबिंग असतं तिथे डबिंगला बोलावलं की समजायचं निदान तोपर्यंत सीन आहे, बोलावलंच नाही तर असिस्टंटला प्रेमाने विचारायचं, तो बहुतेक वेळा खरं सांगतो. पण आईला ते शूटचे दिवस कसे होते हे सांगा, सेटवरचा एखादा फोटो दाखवा. तुम्ही ते काम केलं होतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून केलं होतं, पडद्यावर आलं नाही म्हणून ते झालंच नाही असं होत नाही. माझी आई गेली तेव्हा तिच्या कपाटात माझ्या त्या मुख्याध्यापिकेच्या वेशातला फोटो निघाला. सिनेमात मी नव्हते हे तिला माहीत होतं.

तर तुमच्या दुकानदाराचं. माझं मत, घ्या, पण नोकरी सोडून नाही. किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि एकाच युनिटमधून नाही तर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून दुसरा फोन, हे दोन्ही झाल्याशिवाय राजीनामा लिहू नका. तोपर्यंत रजा टाकून, शनिवार-रविवार धरून जमतं का ते बघा, तारखा चार दिवस आधी कळवाल का असं विचारा. आधी आलेले दोन एपिसोड बघून घ्या, दुकानात नुसतं बिस्किटाचे पुडे देणारा माणूस आहे की चाळीतल्या बातम्या त्याच्या काउंटरवरून इकडून तिकडे जातात. दुसरं असेल तर लेखकांना तुमचा उपयोग होत राहील आणि पात्र वाढेल, चाळीच्या गोष्टीत दुकानदाराला सगळं माहीत असतं.

आणि कोऑर्डिनेटरला फोन कराल तेव्हा सगळ्यात आधी सेट कुठे आहे ते विचारा. गोरेगावची चित्रनगरी, घोडबंदर रोड, मीरा रोड, मढ असं काही असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू, पण हल्ली मराठी मालिकांची शूटिंग कोल्हापूरला, साताऱ्याकडे आणि तुमच्या नाशिकलाही होतात. नाशिक निघालं तर मला इथेच कळवा, मग रजेचं आणि तारखांचं कसं बसवायचं ते आपण वेगळं बोलू.